घसरावं कुठे, धरावं कुठे

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी, उन्हं कलली की आजोबा बंडी अंगणात घ्यायचे. चंद्रपूर-गडचिरोलीकडे बैलगाडीला बंडी म्हणतात. दुसऱ्या दिवशी पहाटे मार्कंड्याच्या जत्रेला निघायचं असे. बायका शिदोरीच्या तयारीत, पोरं बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा घासून लख्ख करण्यात दंग. आजोबांचं लक्ष मात्र चाकांकडे असे. आसाखाली लाकडी ओंडक्याचा टेका द्यायचा, चाक जमिनीपासून चार बोटं उचलायचं, टोकाची खीळ काढायची आणि चाक हळूहळू बाहेर सरकवायचं. आस उघडा पडला की काळं, घट्ट झालेलं जुनं वंगण दिसे. आजोबा त्यातलं थोडं चिमटीत घेऊन चोळून बघत. बोटांना वाळू लागली की चेहरा गंभीर होई. मग चिंधीने आस पुसायचा, काडीला चिंधी गुंडाळून तुंब्यातली, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यातली, लोखंडी नळी आतून साफ करायची, आणि बंडीला टांगलेल्या बांबूच्या नळकांड्यातून बोटांनी नवं वंगण काढून आसाला चोपडायचं. चाक परत बसवलं की हाताने एक गिरकी द्यायची आणि कान लावून ऐकायचं.

"चाक बोंबलते ना, तवा बैलाच्या पोटातलं खाते," असं ते म्हणत.

पुढे एका हिवाळ्यात गुलमर्गला गेलो. एक तरुण लाकडी घोडीवर स्की उलटी ठेवून तिच्या तळाला मेण लावत बसला होता. आधी तळ पुसला, मग बोट फिरवून पाहिलं, मग मेण लावलं आणि शेवटी तळ उजेडाकडे धरून निरखला. हात वेगळे होते, जिन्नस वेगळा होता, पण क्रम तोच होता. मार्कंड्याच्या वाटेवरची बंडी आणि हिमालयाच्या उतारावरची स्की यांचा काही संबंध असेल, असं तोवर कधी वाटलं नव्हतं. दोघींपुढे प्रश्न एकच आहे: एका जागी घसरायचं आणि दुसऱ्या जागी धरायचं. घर्षण आपला शत्रू आहे असं शाळेत मनात बसतं. खरं तर ते ज्याच्या त्याच्या जागी ठेवावं लागतं, आणि तिथे ते टिकावं म्हणून पुन्हा पुन्हा हात लावावा लागतो. या लेखात सांगायचं आहे ते एवढंच.

वाट, वाळू आणि ओढ

मार्कंडा हे चामोर्शी तालुक्यातलं वैनगंगेकाठचं गाव. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून ते गडचिरोलीत आहे. एरवी दक्षिणेकडे वाहणारी वैनगंगा इथे वळण घेऊन उत्तरेकडे जाते. म्हणून हे स्थान विशेष पवित्र मानलं जातं, आणि विदर्भाची काशी असंही त्याला म्हणतात. काठावर कोरीव दगडी देवळांचा समूह आहे. एकोणिसाव्या शतकात पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमने त्याची बारकाईने नोंद केली होती. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते. आज लोक एसटीने, ट्रॅक्टरने, मोटारसायकलने येतात. पूर्वी बंड्यांची रांग लागे.

ही वाट चाकाची परीक्षा घेते. माघातली कोरडी धूळ, मध्येच मुरूम, मध्येच शेताची मऊ बांधवाट आणि शेवटी नदीची वाळू. वाळूत उतरल्यावर जाणता गाडीवान बैल कोरड्या वाळूत घालत नाही, पाण्याजवळच्या ओलसर पट्ट्यावरून नेतो. कोरड्या वाळूचे कण सुटे असतात, चाक त्यात रुततं आणि बैलाला चाक दर पावलाला खड्ड्यातून वर काढावं लागतं. थोडी ओल असली की कणाकणांमध्ये पाण्याचे बारीक पूल तयार होतात, ते कणांना एकमेकांकडे ओढून धरतात आणि वाळू टणक होते. पाणी फार झालं की हे पूल बुडतात आणि वाळू पुन्हा ढिली पडते.

ही गोष्ट माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इजिप्तमध्ये जेहुतीहोतेप नावाच्या अधिकाऱ्याच्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यात एक चित्र आहे. घसरगाडीवर प्रचंड पुतळा बसवला आहे, माणसांच्या रांगा दोर ओढताहेत, आणि घसरगाडीच्या पुढच्या टोकावर उभा असलेला एक जण समोर पाणी ओततो आहे. तो पूजेचा विधी असावा, असं बरेच दिवस मानलं जाई. २०१४ साली अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी वाळूवर छोटी घसरगाडी ओढून मोजमाप केलं. पाणी योग्य प्रमाणात असेल तर ओढण्यासाठी लागणारा जोर जवळजवळ निम्म्यावर येतो, असं त्यांना दिसलं. वैनगंगेच्या वाळूत ओलसर पट्टा शोधणारा गाडीवान हेच करत असतो. फक्त पाणी ओतायचं काम त्याच्यासाठी नदी करते.

चाकाच्या पोटात

चाकामुळे घर्षण संपतं, असा समज आहे. चाकामुळे घर्षणाची जागा बदलते. ओझं जमिनीवरून फरफटत नेलं तर सगळी घासाघीस जमिनीशी होते. चाकावर ठेवलं तर ती आस आणि तुंबा यांच्यामध्ये होते. लोखंडावर लोखंड, बंद जागा, तेल घालण्याची सोय. शिवाय तिथे आणखी एक फायदा मिळतो.

जुन्या बंडीचं चाक साधारण साडेचार फूट, म्हणजे सुमारे १४० सेंटिमीटर व्यासाचं धरू, आणि आस ५ सेंटिमीटर जाडीचा. चाक आसाच्या २८ पट मोठं झालं. आसाशी होणाऱ्या घर्षणाचा जोर चाकाच्या कडेशी येईपर्यंत २८ व्या हिश्श्यावर येतो. आपल्या पूर्वजांनी चाकं एवढी मोठी का केली, याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं असं की मोठं चाक खड्ड्यात कमी बुडतं.

आता बंडीवर माणसं, सामान आणि बंडीचं स्वतःचं वजन मिळून १,००० किलो भार आहे असं समजा. टणक रस्त्यावर नुसतं चाक फिरवत न्यायला सुमारे ३० किलो वजनाइतकी ओढ लागते. आस कोरडा असेल आणि त्याच्यावरचं घर्षण भाराच्या तीन दशांश असेल, तर त्यात आणखी दहा-अकरा किलोंची भर पडते. वंगण चांगलं असेल तर हीच भर तीन-चार किलोंवर येते. सहासात किलोंचा फरक ऐकायला छोटा वाटतो. पण बैलजोडी दिवसभर सातत्याने देऊ शकते ती ओढ तिच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. सहाशे किलोंच्या जोडीसाठी ती साठेक किलो झाली. त्यातले सात किलो फुकट घालवणं म्हणजे बैलाच्या नऊ पावलांतलं एक पाऊल वाया घालवणं. चाक बैलाच्या पोटातलं खातं, असं आजोबा म्हणत ते हेच.

आणि बोंबलणं कशामुळे? दोन कोरडे पृष्ठभाग घासताना आधी एकमेकांना चिकटून बसतात, ताण वाढला की सुटतात, पुन्हा चिकटतात. हे एका सेकंदात शेकडो वेळा झालं की लाकूड आणि लोखंड थरथरतं आणि तो थरकाप आपल्याला किंचाळीसारखा ऐकू येतो. व्हायोलिनचा गजही असाच वाजतो. वादक गजाला राळ चोळतो, म्हणजे गजाने तारेला पकडावं आणि सोडावं. जे गजाला हवं तेच आसाला नको असतं.

तेल कुठलं

वंगणाला आमच्याकडे ओंगणही म्हणतात आणि बंडी ओंगणे असं क्रियापदही आहे. घरच्या वंगणात मुख्य असे ते एरंडेल. त्यात जळक्या चिंध्यांची काजळी खलून ते दाट केलं जाई. एरंडेल नसेल तर करंजाचं तेल. या जंगलपट्ट्यात मोहाच्या बियांचं, म्हणजे टोळीचं तेलही घरोघर असे. पुढे इंजिनमधून काढलेलं काळं तेल फुकट मिळू लागलं आणि बांबूची नळकांडी डब्यांना जागा देऊन गेली.

एरंडेलाचा मान उगाच नाही. त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास रिसिनोलेइक आम्ल असतं. या आम्लाच्या रेणूला एक हायड्रॉक्सिल गट चिकटलेला असतो आणि त्यामुळे हे रेणू एकमेकांना आणि धातूला घट्ट धरून राहतात. म्हणून एरंडेल इतकं दाट, आणि म्हणूनच ते लोखंडावरून लवकर ओघळत नाही. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फिरत्या इंजिनांमध्ये हेच तेल घालत. कॅस्ट्रॉल हे नावही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच पडलं आहे.

दाट तेलच का लागतं, याचं उत्तर चाकाच्या गतीत आहे. १८८३ साली बीचम टॉवर या इंग्रज अभियंत्याने रेल्वेच्या आसांवर प्रयोग करताना पाहिलं की बेअरिंगच्या वरच्या भोकात बसवलेलं बूच तेलाच्या दाबाने वर येतं. वेगाने फिरणारा आस तेलाला स्वतःबरोबर ओढतो, निमुळत्या फटीत दाबतो आणि त्या दाबाने स्वतःच तेलावर तरंगतो. ऑसबोर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये याचं गणित मांडलं. बंडीचं चाक मात्र बैलाच्या चालीने फिरतं. ताशी साडेतीन किलोमीटरच्या वेगाने चाकाचे मिनिटाला जेमतेम तेरा फेरे होतात. एवढ्या संथ चालीत आस तेलावर तरंगत नाही. तिथे लोखंडाला चिकटून राहिलेला पातळ थरच दोन पृष्ठभागांना दूर ठेवतो. म्हणून बंडीला शिवणयंत्राचं पातळ तेल चालत नाही आणि शिवणयंत्राला बंडीचं वंगण चालत नाही.

जिथे घसरू नये

आस गुळगुळीत फिरला की काम संपलं नाही. चाकाच्या कडेला लोखंडी धाव असते. तिने लाकूड झिजू द्यायचं नाही आणि स्वतः लाकडावरून तसूभरही सरकायचं नाही. धाव बसवणं हा गावातला बघण्यासारखा सोहळा असे. लोहार धाव चाकापेक्षा किंचित लहान घडवतो. मग ती गोवऱ्यांच्या जाळात लालसर होईपर्यंत तापवायची, तीन-चार जणांनी चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची, घणाचे ठोके घालायचे आणि वर पाणी ओतायचं. लाकडाचा धूर, वाफेचा फुसफुसाट, आणि मग आरे एकेक करून तुंब्यात करकचून बसल्याचे आवाज.

लोखंड दर अंशाला फार थोडं वाढतं, पण ४.४ मीटर घेराची धाव ५०० अंशांनी तापली की तिचा घेर सुमारे अडीच सेंटिमीटरने, म्हणजे इंचभराने वाढतो. तेवढ्याने ती चाकावर सहज बसते. निवताना तोच इंच परत मागते आणि सगळे जोड आवळून टाकते. इथे ना खिळा लागतो, ना डिंक. इथे घर्षण हवं असतं आणि ते आगीने बसवलं जातं. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसलं की धाव ढिली होते. तेव्हा चाकं नदीत किंवा डबक्यात भिजत ठेवतात. लाकूड फुगतं आणि पकड परत येते.

तिसरी जागा सगळ्यांत नाजूक. बैलाच्या मानेवर जू टेकतं तिथे एका बाजूला लाकूड असतं आणि दुसऱ्या बाजूला जिवंत कातडी. जू फार सरकलं तर खांदा सोलतो आणि एकाच जागी रुतलं तर गाठ येते. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचे एन. एस. रामस्वामी यांनी देशातल्या बैलगाड्या सुधाराव्यात म्हणून वर्षानुवर्षं काम केलं. त्यांनी ज्या गोष्टींवर बोट ठेवलं त्यांत या जुवामुळे होणारा जनावराचा त्रास ठळक होता. आपल्याकडे या जागेची आठवण वर्षातून एकदा सण म्हणून येते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. हळद आणि तूप किंवा लोणी लावून बैलाचे खांदे मळायचे, शेकायचे आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. आसाला वंगण आणि खांद्याला लोणी, दोन्हींमागचा विचार एकच. पण बैलाच्या खांद्याशी माणूस बोलतो, कारण तिथे झीज दुखते.

बर्फावरची घसरण

आता हिमालयात जाऊ. महाराष्ट्रातली बरीच मुलं गुलमर्गला आणि उत्तराखंडातल्या औलीला स्कीइंग शिकायला जातात. गुलमर्गला लष्कराची हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल ही उंच पर्वतातल्या युद्धाचं शिक्षण देणारी संस्थाही आहे आणि तिथे जवानांना स्कीइंग येणं गरजेचं असतं. यंत्राच्या पाळण्यात बसून वर जायचं आणि घसरत खाली यायचं, हा स्कीइंगचा एक प्रकार. दुसऱ्या प्रकारात पाळणा नसतो. डोंगर स्वतःच्या पायांनी, त्याच स्कीवरून चढायचा आणि मग उतरायचा. इथे एकाच फळीने सकाळी चढावर धरायचं असतं आणि दुपारी उतारावर घसरायचं असतं.

आधी घसरणं बघू. बर्फ गुळगुळीत असतो म्हणून स्की घसरते, असं वाटतं. पण फार थंड बर्फावर स्की वाळूवर ओढल्यासारखी अडते. फिलिप बोडेन आणि टी. पी. ह्यूजेस यांनी १९३९ साली प्रयोगांतून दाखवलं की सरकताना घर्षणाने जी उष्णता होते तिने बर्फाचा अगदी पातळ थर वितळतो आणि स्की त्या पाण्यावरून जाते. म्हणजे घर्षण स्वतःच स्वतःचं वंगण तयार करतं. पाणी फार कमी झालं तर बर्फाचे टोकदार स्फटिक तळाला ओरखडतात. पाणी फार झालं तर ओल्या काचा एकमेकींना चिकटतात तशी स्की बर्फाला चिकटते. वैनगंगेच्या वाळूचाच नियम इथेही आहे: ओल बेताची हवी.

मेणाचं काम इथे सुरू होतं. जुन्या लाकडी स्कींना पाइनच्या लाकडाचं डांबर लावत, जसं आपल्याकडे नावेच्या बुडाला डांबर फासतात. आजच्या स्कीचा तळ पॉलिएथिलीनचा असतो. त्या प्लॅस्टिकची पूड दाबून आणि तापवून हा तळ बनवतात, त्यामुळे तो मेण शोषून घेतो. मेण मुख्यतः पॅराफिनचं. कडाक्याच्या थंडीत बर्फाचे कण कठीण असतात, ते मऊ मेणात रुततील, म्हणून तेव्हा कठीण मेण. हवा उबदार असेल आणि बर्फ ओला असेल तर पाणी झटकणारं मऊ मेण. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात वंगण वेगळं लागतं, तसंच हे.

लावायची रीत साधी आहे, पण घाई चालत नाही. तळ पुसून स्वच्छ करायचा. मेणाची कांडी इस्त्रीला टेकवून थेंब तळावर पाडायचे आणि इस्त्री सावकाश पुढून मागे न्यायची. इस्त्री १२० ते १४० अंशांच्या आसपास असली म्हणजे पुरे. धूर निघाला तर ती फार तापली असं समजायचं, आणि एका जागी थांबली तर तळ जळतो. मग स्की पूर्ण थंड होऊ द्यायची. त्यानंतर प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने वरचं मेण खरवडून काढायचं, अगदी काही राहिलं नाही असं वाटेपर्यंत, आणि ब्रश मारायचा. नवशिक्याला इथे जीवावर येतं. एवढं मेण लावलं ते खरवडून का टाकायचं? कारण कामाचं मेण तळाच्या आत मुरलेलं असतं. वर राहिलेला थर मऊ असतो, त्याच्यात धूळ आणि बर्फाचे कण रुतून बसतात.

एक सावधगिरी अलीकडे जगाने शिकली. शर्यतींसाठी फ्लोरिनयुक्त मेणं फार वेगवान ठरली होती. पण त्यांतली रसायनं निसर्गात विघटित होत नाहीत, पाण्यात आणि शरीरात साठत राहतात. म्हणून आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४ च्या हंगामापासून स्पर्धांमध्ये त्यांच्यावर बंदी आणली. डोंगरावर चोळलेलं मेण वसंतात ओढ्यात उतरतं. बांधावर ओतलेलं इंजिनचं काळं तेल पावसात विहिरीकडे जातं. घसरण आपल्यासाठी असते, पण झिजून गेलेलं वंगण शेवटी सगळ्यांच्या पाण्यात येतं.

बैलाच्या पाठीवरचा हात

आता धरण्याची बाजू. बैलाच्या पाठीवरून मानेकडून शेपटीकडे हात फिरवा. रेशमासारखा सरकतो. उलटा फिरवा, हात अडतो आणि बैल कातडी थरथरवतो. प्रत्येक केस एका बाजूला कललेला असतो म्हणून असं होतं. माळावरच्या कुसळी गवतातून धोतर किंवा पायजमा घालून चाललेल्या माणसाला हीच गोष्ट जास्त टोचून कळते. कुसळीच्या दाण्याच्या टोकाशी मागे वळलेले ताठ केस असतात. त्यामुळे कुसळ आत जातं, पण परत निघत नाही. आपण जितकी हालचाल करतो तितकं ते पुढे सरकतं.

उत्तरेकडच्या थंड मुलुखातल्या लोकांनी केसांचा हाच गुण स्कीच्या तळाला लावला. मध्य आशियातल्या अल्ताई पर्वतात आजही शिकारी घोड्याच्या कातड्याने मढवलेल्या लाकडी स्की वापरतात. युरोपातल्या गिर्यारोहकांनी पुढे सीलच्या कातड्याच्या पट्ट्या स्कीला बांधल्या. आज सील कुणी वापरत नाही, पण नाव राहिलं: स्किन. ही स्कीच्या लांबीची कापडी पट्टी असते. एका बाजूला मागे कललेले केस आणि दुसऱ्या बाजूला चिकट गोंद. केस अंगोरा बोकडाच्या मोहेरचे, नायलॉनचे किंवा दोहोंच्या मिश्रणाचे. मोहेर चांगलं सरकतं, नायलॉन जास्त टिकतं. स्की पुढे ढकलली की केस आडवे पडतात आणि ती सरकते. मागे घसरू लागली की केस उभे राहून बर्फात रुततात. पट्टी कापताना दोन्ही बाजूंची पोलादी कड उघडी ठेवतात, कारण तिरक्या कठीण चढावर ती कडच खरी पकड देते. माथ्यावर पोचलं की पट्टी ओढून काढायची, घडी करून आत ठेवायची आणि मेण लावलेल्या तळावर खाली घसरायचं.

स्किनची सगळी निगा त्या गोंदासाठी आणि केसांसाठी असते. गोंदाला धूळ, पाइनच्या सुया, लोकरीचे धागे लागू द्यायचे नाहीत. पट्टी चिकटवण्याआधी तळ कोरडा पुसायचा आणि मेण नीट खरवडलेलं असायला हवं, नाहीतर मऊ मेण गोंदाला लागून त्याची पकड जाते. मधल्या थांब्यावर पट्टी काढली तर ती बाहेर बर्फावर टाकायची नाही. जॅकेटच्या आत, अंगाच्या उबेत ठेवायची, म्हणजे गोंद गोठून निर्जीव होत नाही. परतल्यावर ती खोलीत सावलीत वाळवायची. शेगडीजवळ किंवा कडक उन्हात वाळवली तर गोंद पातळ होऊन ओघळतो आणि पुढच्या वेळी स्कीच्या तळाला डाग पडतात. पूर्ण वाळल्यावर गोंदावर गोंद घडी घालून किंवा मध्ये जाळीचं कापड ठेवून थंड जागी ठेवायची.

दुपारचं ऊन वाढलं की दुसरं संकट येतं. ओला बर्फ केसांत शिरतो, पुढे सावलीत गेल्यावर गोठतो आणि पायाखाली विटेएवढा गोळा तयार होतो. पाऊल उचलावं तसं वजन वाढत जातं. त्यावर उपाय म्हणून केसांना मेणाची कांडी चोळतात, केसांच्या दिशेनेच, पुढून मागे. मेण पाणी आत जाऊ देत नाही. धरण्यासाठी केलेल्या वस्तूलाही थोडं घसरण्याचं औषध लागतं.

निगेचे चार नियम

बंडी आणि स्की शेजारी ठेवून पाहिलं की दोन्हींना लागू पडणारे चार नियम दिसतात. घरातल्या बिजागरीपासून सायकलच्या साखळीपर्यंत ते सगळीकडे चालतात.

पहिला, लावण्याआधी पुसा. वंगणात वाळू मिसळली की ते वंगण राहत नाही, ती घासायची लुगदी होते आणि आसाला दिवसरात्र किसत राहते. न पुसता वरून तेल ओतण्यापेक्षा पुसून थोडं लावलेलं बरं.

दुसरा, जागा ओळखून लावा. आसाचं वंगण धावेला लागलं तर फायदा नाही. सायकलच्या साखळीला तेल हवं, पण ते ब्रेकच्या रबरी ठोकळ्यांना लागलं तर उतारावर जीव धोक्यात येतो.

तिसरा, हंगाम बघा. उन्हाळ्यासाठी एक, थंडीसाठी दुसरं. तापलेल्या आसावरून पातळ तेल ओघळून जातं आणि कडाक्याच्या थंडीत दाट वंगण मेणासारखं आखडतं.

चौथा, काम नसतानाही निगा करा. हंगाम संपला की स्कीच्या तळावर मेणाचा जाड थर तसाच, न खरवडता ठेवतात. त्याने तळ सुकत नाही आणि पोलादी कडांना गंज चढत नाही. बंडीही पावसाळ्यात छपराखाली, टेक्यावर, आस ओंगून ठेवावी लागते. आता बऱ्याच गावांत लाकडी चाकं जाऊन रबरी टायरची बंडी आली, तिला डनलॉप म्हणतात. तिच्या बेअरिंगमध्ये गोळ्या असतात, म्हणून ती आपोआप चालते असा अनेकांचा समज असतो. तिलाही वर्षातून एकदा बेअरिंग उघडून, धुऊन, नवं ग्रीस भरावं लागतं. गोळ्या गुळगुळीत फिरतात त्या ग्रीसच्या जोरावर, आणि ग्रीसही झिजतं.

वंगण, मेण, गोंद, खांद्यावरचं लोणी, या सगळ्या वस्तू संपण्यासाठीच असतात. त्या झिजतात म्हणून लोखंड, लाकूड, प्लॅस्टिक आणि कातडी टिकते. म्हणून निगेचं काम एकदा करून सुटका होत नाही, ते वारीसारखं वर्षाच्या वर्षी येतं.

पहाटे चारच्या सुमारास बंडी निघायची. अंधारात माणसं दिसत नसत. वाटेत एखाद्या न ओंगलेल्या बंडीचं चाक किंचाळत मागून यायचं आणि आजोबा बैल बाजूला घेऊन त्या गाडीवानाला आपलं नळकांडं पुढे करायचे. तो खाली उतरून घाईघाईने चाकाला हात लावायचा. थोड्या वेळाने त्याचंही चाक गप्प व्हायचं, आणि मग नदीपर्यंत दोन्ही बंड्यांच्या घुंगरमाळा ऐकू यायच्या.